उलटी टेप

रेवदंड्याच्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ पंधरवड्यात तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा नळाला लावायची पांढरी टेपच घेतली. कोळीवाड्यातले असावेत. हात जाळ्यांनी चिरलेले, बोलणं मोजकं. अर्धांगवायूनं पडलेल्या बायकोसाठी त्यांनी न्हाणीत हँड शॉवर बसवला होता, स्वतःच. प्लंबर सगळे मुंबईकरांच्या बंगल्यांवर.

"तिला खुर्चीत बसवून आंघोल घालतो," ते म्हणाले. "जोडातनं पानी तिच्या तोंडावर उडतं. तिला मान फिरवता येत न्हाय."

"टेप कशी गुंडाळता ते दाखवा, नाखवा."

त्यांनी दुकानातल्याच एका नळीवर गुंडाळली. जाळं विणायच्या सुईवर दोरा भरतात तशी, आपल्याकडे ओढत. म्हणजे आट्यांच्या बरोबर उलट. जोड आवळताना ती उलगडणारच. आधीच्या दोन खेपांत मी हे विचारलं नव्हतं, म्हणून स्वतःवरच वैतागून मी दिशा दाखवली.

ते हाताकडे बघत राहिले. "साठ वर्सं ह्यो हात असाच फिरलाय."

पंधरा-सोळा दिवसांनी आले ते डोकं भादरून. म्हणाले, "नळाचं तोंड बंद करायला बूच द्या. शॉवर काढला. मी बादलीनंच करतो आंघोल."

बूच देताना न राहवून मी विचारलं, "गळायचा थांबला होता का?"

"व्हय. शेवटचे चार दिवस थेंब न्हाय उडाला."

मग काउंटरवरच त्यांनी बुचाला टेप गुंडाळली. सावकाश, बरोबर दिशेनं.