रशीदने उघडा ठेवलेला टॅब

रशीद सोमवारी गेला. मंगळवारी दुकान बंद ठेवलं. बुधवारी मी एकट्याने शटर उघडलं.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं आमचं दुकान दोघांचं. तो गिऱ्हाइकांकडे जायचा. मी दुकानात बसून मशीन उघडायचो आणि मधल्या वेळात वाचायचो. म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. पुढे गिऱ्हाइकंही म्हणू लागली. शाळेत मी कधी शिकवलेलं नाही.

काही महिन्यांनी, लग्नसराई तोंडावर आलेली असताना, रूपाचा फोन आला. रूपा ही अण्णांची सून. अण्णा मूळचे गडहिंग्लजचे. कोल्हापुरात त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. पत्रिकांची डिझाइनं रूपा करते. तिच्या मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम रशीदनेच घातली होती.

"मास्तर, माऊस हलवायचा आणि चहा पिऊन यायचं, मग बाण हलतोय," ती म्हणाली. "दुपारी जयसिंगपूरची पार्टी प्रूफ बघायला येणार हाय. आज नीट झालं तर ठीक. न्हायतर हे भंगारात आणि नवीन मशीन दारात."

"रीस्टार्ट करून पाहिलंत?"

"मामा हात लावू देतील तर की!"

मामा म्हणजे अण्णा, तिचे सासरे. मी गेलो तेव्हा ते मशीनशेजारी स्टूल टाकून राखणीला बसल्यासारखे बसले होते.

"या मास्तर. बघा काय बघायचं ते. पर काय बंद करू नगा."

मी खुर्ची ओढली. मेमरी किती वापरात आहे हे बघायला लिनक्समध्ये 'फ्री' नावाची कमांड आहे. आकडे यायला वेळ लागला. रूपाने माझ्या खांद्यावरून वाकून एका रकान्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. आठ जीबीतलं फ्री कितीसं उरलंय! म्हंजे रॅम संपली न्हवं?"

तो रकाना बघून भलेभले घाबरतात. मी तिला तिच्याच टेबलाचं उदाहरण दिलं. रॅम म्हणजे काम करायचं टेबल, हार्ड डिस्क म्हणजे मागची खोली. टेबलावर जागा रिकामी असली की लिनक्स नेहमी लागणाऱ्या फायली आणून तिथेच ठेवतं, उगाच हेलपाटा नको म्हणून. त्याला कॅश म्हणतात. नवीन काम आलं की ते गठ्ठे आपसूक बाजूला होतात. त्यामुळे 'फ्री' कमी दिसलं तरी बिघडत नाही. बघायचा तो शेवटचा रकाना, 'अव्हेलेबल'. खरोखर वापरता येईल एवढी जागा तो सांगतो.

"मग तो कितीय?" रूपाने विचारलं.

तोही तळाला गेला होता. शिवाय स्वॅप भरलं होतं. टेबलावर जागाच उरली नाही की अर्धवट कामं मागच्या खोलीत नेऊन ठेवायची आणि लागली की परत आणायची, याला स्वॅप म्हणतात. डिस्क जुनी, फिरणारी. सगळा वेळ त्या ये-जा करण्यातच चालला होता.

मशीन कधी सुरू केलं हे सांगणारीही कमांड आहे. मी ती दिली. तारीख आली. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. तो रशीद गेला त्याच्या आधीचा शनिवार होता.

"अण्णा, तेव्हापासून मशीन बंदच केलं नाही?"

"न्हाय. लाईट गेली तरी इन्व्हर्टर हाय की. रात्री पडदा तेवढा बंद करतो."

"का?"

"रशीद आलता त्या दिवशी. काय काय उघडून बघत बसला. मग नमाजाची वेळ झाली म्हणून उठला. म्हणला, अण्णा, हे असंच राहू दे, हात लावू नका, मी येऊन बघतो."

रूपा हळूच म्हणाली, "मी त्यांनी उघडलेल्या खिडक्या खाली सारून मधल्या जागेत काम करते, मास्तर."

मी एकेक खिडकी वर आणली. एकीत 'टॉप' चालू होतं. कोणता प्रोग्राम किती मेमरी खातो याची ती सतत हलणारी यादी. रशीदने ती मेमरीनुसार लावून ठेवली होती. फोटोंची सूची करणारा एक प्रोग्राम वरच्या ओळींत होता. रूपाकडच्या नवरा-नवरीच्या हजारो फोटोंवरून तो दिवसरात्र हात फिरवत बसलेला. रशीदने तो बरोबर पकडला होता. फक्त बंद करायचा राहिला होता.

पण त्याच्याही वर ब्राउझर होता. ब्राउझरची स्वतःची एक यादी असते, कोणता टॅब किती खातो याची. ती उघडली. पहिल्याच टॅबने अडीच जीबी घेतले होते.

तो फुटबॉलचा सामना होता. रशीदच्या पेठेतल्या तालमीचा; कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्याच नावाने खेळतात. पानावर लाईव्ह स्कोअर, बाजूला जाहिराती. सामना कधीच संपला होता, पण पान आपलं दर मिनिटाला ताजं होत होतं आणि प्रत्येक वेळी थोडी मेमरी धरून बसत होतं.

"म्हंजे मॅच बघत बघत काम करत हुता व्हय गडी!" अण्णा म्हणाले. रूपाला हसू आवरेना. मग मलाही.

"अण्णा, हे बंद करावं लागेल."

"मी येऊन बघतो म्हणलाय त्यो."

"अण्णा, तो येणार नाही."

"म्हाईत हाय मला. मातीला आलतो की मी." ते पडद्याकडे बघत राहिले. "पर शब्द दिला हुता. आन् आता हे मिटवायचं कुणी? मी?"

माझाही हात माऊसवरून उचलला गेला होता.

अण्णांनी विचारलं, "जिंकली का त्याची तालीम?"

"दोन-एक."

"त्याला कळलं हुतं?"

"त्याच रात्री फोन करून माझ्या कानात ओरडला होता."

"मग झालं तर." अण्णांनी स्टूल पुढे ओढलं. "कुठं दाबायचं?"

मी फुली दाखवली. त्यांनी दोन्ही हातांनी माऊस धरला आणि दाबलं.

बाकीचं काम साधं होतं. फोटोंची सूची करणारा प्रोग्राम मशीनबरोबर आपोआप सुरू होत होता, तो तिथून काढला. न वापरलेले टॅब ब्राउझरने स्वतःच झोपवावेत अशी सेटिंग लावली. मग रीस्टार्ट. पडदा काळा झाला तेव्हा अण्णा उभे राहिले आणि परत उजेड येईपर्यंत उभेच होते.

रूपाने जयसिंगपूरची पत्रिका उघडली. पटकन उघडली. "मामा, नवीन मशीन ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि कामाला लागली.

लिनक्स मंद वाटलं तर फ्री नाही, अव्हेलेबल बघावं. तो आकडा पुरेसा असेल तर दोष दुसरीकडे शोधावा. नसेल तर नवीन रॅम घेण्याआधी काय उघडं राहिलंय ते बघावं.

छापखान्याचं मशीन आता रोज संध्याकाळी बंद होतं. ते अण्णा स्वतः करतात. आमच्या दुकानाच्या किल्ल्या दोन आहेत. दोन्ही माझ्याकडे असतात.