पाच स्टारच्या बाई

गणिताच्या बाईंना वर्गात चूक फार आवडायची. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. एखादं पोर फळ्यापाशी येऊन चुकलं की बाईंचा चेहरा खुलायचा. खुर्ची ओढून त्या बाजूला बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, चालू दे." पोर चुकत जायचं, वर्ग खिदळायचा, मागून कुणीतरी ओरडायचं, "अरे, वजा कर, वजा!" आणि शेवटी त्या पोराला स्वतःची चूक स्वतःच सापडायची. तेव्हा ते जे काही हसायचं ना, त्यासाठी बाई इतकी वर्षं शाळेत टिकल्या होत्या. नाहीतर शिक्षकांच्या खोलीतला चहा पिऊन कुणी टिकेल असं काही नव्हतं.

मग शाळेत कॅमेरे आले. दाराच्या वर कॅमेरा, फळ्याच्या जागी भलामोठा पडदा आणि पडद्याच्या कडेला एक पट्टी. पालकांनी घरबसल्या मोबाइलवर तास बघायचा, मनात येईल ते लिहायचं आणि ते त्या पट्टीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उमटायचं. तास संपला की शिक्षकाला स्टार द्यायचे, एकपासून पाचपर्यंत. हॉटेलवाल्याला देतात तसे. "पारदर्शकता!" मुख्याध्यापक हात चोळत म्हणाले. त्यांचं स्वतःचं ऑफिस मात्र या पारदर्शकतेतून सुटलं होतं, कारण तिथे म्हणे वायर पोचत नव्हती.

पहिल्याच दिवशी बाईंनी एका मुलाला उदाहरण सोडवायला बोलावलं. तो चुकला. बाई खूश होऊन खुर्ची ओढतायत तोवर पट्टीवर अक्षरं धावली: "माझ्या मुलाचा जाहीर अपमान थांबवा." खाली दुसऱ्या कुणाची तरी आई: "आमची सोनू खांबामागे बसलीये, दिसत नाही." तिच्या खाली कुणाचे तरी काका: "बाई, केस विंचरून येत चला." तासाअखेर बाईंच्या पदरात एक स्टार पडला.

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ते गोड आवाजात म्हणाले, "बाई, ज्याला येतं त्यालाच उठवा ना. न येणाऱ्यांचं काय दाखवायचंय?"

"अहो सर, न येणाऱ्यांसाठीच तर शाळा आहे."

"असेल. पण ती कॅमेऱ्यात नको. एका स्टारवर सातवीचा वर्ग तुमच्याकडे ठेवणं मला जड जाईल."

सातवीचा वर्ग म्हणजे बाईंचा जीव की प्राण. तो हातचा जाईल म्हटल्यावर त्यांनी हट्ट सोडला. मग त्यांनी तेच केलं जे शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर कधीपासून करत होते: तालीम. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला, कॅमेरा बंद असताना, कोण उठणार, काय सांगणार, सगळं पाठ करून घ्यायचं. अहो, शंकासुद्धा ठरलेली! खणखणीत आवाजाचा एक मुलगा निवडला होता. त्याने रोज एक शंका विचारायची आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत "अच्छा, म्हणजे असं होय!" म्हणून खाली बसायचं. पालक बेहद्द खूश. बाईंचे स्टार भराभर चढून पाचावर जाऊन बसले, त्यांचा फोटो शाळेच्या दाराशी लागला आणि मुख्याध्यापक येताजाता त्यांना नमस्कार करू लागले.

या सगळ्या तमाशाची नायिका म्हणजे पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी. उत्तर द्यायची ते असं झटकन की बघणाऱ्याने वाहवा करावी. तिचे बाबा बोटीवर नोकरीला. महिनोन्‌महिने घरी नाहीत. लेक त्यांना दिसायची ती या कॅमेऱ्यातूनच. उत्तर बरोबर आलं की पट्टीवर कुठल्यातरी समुद्रातून "शाब्बास बेटा" उमटायचं आणि पोरीचा चेहरा उजळायचा. ते बघून बाईंनाही वाटायचं, चाललंय ते काही अगदीच वाईट नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की असंच होतं.

घरी बाईंच्या सासूबाई होत्या. नातवाच्या नावाने मोबाइलवर सोय करून घेऊन त्या रोज दुपारी सुनेचा तास बघायच्या. एकदा रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "ती दोन वेण्यांची आहे ना गं, तिला काही म्हणजे काही कळत नाही."

"काहीतरीच काय आई! सगळ्यांत हुशार आहे ती."

"हुशार असेल, पण बोलताना तुझ्या ओठांकडे बघत असते. जन्मभर मालिका बघतेय मी. पाठ केलेला संवाद मला बरोबर कळतो." मग भाताचा घास घेता घेता म्हणाल्या, "आणि तूसुद्धा काम बरं नाही करत हो. फार हसतेस."

नवरा तेवढ्यात हसला, त्याच्याकडे बाईंनी असं बघितलं की बिचारा पाणी आणायला उठला.

दुसऱ्या दिवशी तास पुन्हा अपूर्णांकांच्या भागाकाराचा. तालीम झालेली होती. मुलगी ऐटीत पुढे आली. तीन भागिले एकचतुर्थांश. "बारा!" पट्टीवर टाळ्या.

"कसे?" बाईंनी विचारलं. इथपर्यंत ठरलेलं होतं.

"दुसरा अपूर्णांक उलटायचा आणि गुणायचं."

इथे बाईंनी "शाब्बास" म्हणायचं होतं. पण त्यांनी हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवला आणि हाताआडून विचारलं, "का उलटायचा?"

मुलगी ओठ शोधत राहिली. ओठ सापडेनात. शंकेखोर मुलाने सवयीने "अच्छा, म्हणजे असं होय!" म्हणून टाकलं, तर शेजारच्याने त्याला चिमटा काढला. पट्टीवर कुणीतरी लिहिलं, "हे अभ्यासक्रमात आहे का?" मुलीने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. बाबा बघत असणार. तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "माहीत नाही, बाई."

बाईंना वाटलं, काय केलं आपण हे! बापासमोर लेकीची लाज काढली. त्या तिच्याजवळ जाणार, एवढ्यात पट्टीवर समुद्रावरून आलं: "मीपण नुसता उलटत आलोय. का ते मलाही माहीत नाही. विचार बाईंना."

पोरीने ते वाचलं, नाक पुसलं आणि तिला कंठ फुटला. "बाई, भागलं की कमी व्हायला पाहिजे ना? मग तिनाचे बारा कसे होतात?"

"होऽ ना!" अख्खा वर्ग ओरडला. म्हणजे हा किडा सगळ्यांच्याच डोक्यात होता आणि सगळे मूग गिळून बसले होते! बाकं वाजली, पोरं उभी राहिली, पट्टीवर पालकही आपापसात भांडू लागले. कितीतरी महिन्यांनी बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलला, त्याची घडी घातली, आणि तेवढ्यात वर्गाचं दार धाडकन उघडलं.

मुख्याध्यापक आत आले, कॅमेऱ्याकडे बघून गोड हसले, "तांत्रिक अडचण" असं म्हणाले आणि त्यांनी कॅमेऱ्याची वायर उपटली.

त्या दिवशी दोन स्टार. दुसऱ्या दिवशी बाईंना बढती मिळाली! हो, बढतीच. 'डिजिटल मार्गदर्शक' अशी पाटी लावून त्यांना शेजारच्या खोलीत बसवलं, जिथे मोडके कीबोर्ड ठेवलेले असायचे. आणि सातवीला कोण शिकवणार? अहो, बाईच! त्यांचे पाच स्टारवाले सगळे तास रेकॉर्ड करून ठेवलेले होतेच. ते पडद्यावर लावायचे. "तुम्ही आता थकणार नाही, रजा घेणार नाही आणि नको ते विचारणारही नाही," मुख्याध्यापक म्हणाले. हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं, हे विशेष.

बाई खुर्चीवर बसल्या. भिंतीपलीकडे तास सुरू झाला. तालीम केलेला, गोड, चढलेला त्यांचाच आवाज: "उलटा आणि गुणा! समजलं ना?"

"होऽऽ," पडद्यावरची मुलं म्हणाली.

मग खऱ्या वर्गातून एक बारीक आवाज आला. "पण बाई, का?"

"शाब्बास! आता पुढचं उदाहरण," पडद्यावरच्या बाई म्हणाल्या.

"बाई, का पण?" आवाज आता थोडा मोठा.

"शाब्बास!"

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. असा राग त्यांना मुख्याध्यापकांचाही आला नव्हता. त्या उठल्या, कोऱ्या कागदांचा गठ्ठा बगलेत मारला आणि तरातरा सातवीच्या वर्गात शिरल्या. रिमोट कॅमेरे-पडदे सांभाळणाऱ्या वायरवाल्याकडे, वायरवाला जेवायला. पडदा बंद करायची सोय नाही. कॅमेरा चालू, पट्टी चालू, आणि पडद्यावर पाच स्टारच्या बाई हसत हसत बोलतच सुटलेल्या.

"अहो बाई, गप्प बसा जरा!" बाई पडद्यावर खेकसल्या. मग पहिल्या बाकाशी खुर्ची ओढून बसल्या, तीन कागद दोन वेण्यांच्या मुलीपुढे ठेवले आणि म्हणाल्या, "हं. एकेकाचे चार तुकडे फाड आणि मोज. चुकलीस तरी मी कुठेही जात नाही."