मुंबईला निघालेलं विरजण

हैदराबाद राज्याची वाटणी ठरली आणि पहिला दंगा माझ्या पोटात झाला. कचेरीत गठ्ठे बांधणं चाललेलं: हा आंध्राचा, हा म्हैसूरचा, हा मुंबईचा. मी मुंबईच्या गठ्ठ्यात. तेव्हापासून पोट असं गर्जू लागलं, की आबिड्सच्या चौकात टांग्यांचे घोडे बुजायचे.

डॉक्टर म्हणाले, "पोटात कोट्यवधी जंतू राहतात. चहा-भज्यांनी तुम्ही त्यांचा छळ मांडलाय. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, घरचं दही खा. ते नांदले तर तुम्ही नांदाल."

"साहेब, त्यांची बदली कुठल्या राज्यात?"

"दही मिळेल तिथं!"

आमचं दही बरकतपुऱ्यातल्या शेजारणीच्या, तेलुगू अक्कांच्या विरजणाचं. इतकं घट्ट, की एकदा मी त्यावर कागद ठेवून सही केली. ते खाऊन पोट असं निवलं, की बायको घाबरून माझी नाडी बघायची.

निघायच्या दिवशी निरोपाला आलेल्या मंडळींनी दहीभातावर ताव मारला. विरजणापुरतंही दही उरलं नाही. काचीगुड्याहून रात्रीची गाडी. आणि हे दही सुटलं तर नव्या कचेरीत माझ्याआधी माझं पोट हजर होणार! बायको झाकणाची वाटी घेऊन शेजारी धावली, मागोमाग मी. पण दिवे लागले होते.

"नक्को अम्मा," अक्का म्हणाल्या. "दिवेलागणीनंतर दही घराबाहेर दिलं तर लक्ष्मी जाती."

"अक्का, यांच्या पोटाचा प्रश्न आहे हो!"

"ऐकू येतंय की मला, भिंतीतून." मग हळूच म्हणाल्या, "मी देणार नाही म्हणले. तू घेऊ नको म्हणले का? मी चालले तुळशीपाशी. स्वयंपाकघर उघडं आहे."

आम्ही घुसलो. बायकोनं दही काढलं, मी पहारा दिला. आमची पाठ वळताच अक्कांनी लक्ष्मीला ऐकू जाईल अशा आवाजात बोंब ठोकली, "चोर! चोर!" नारायणगुड्यापर्यंतचे कुत्रे जागे झाले.

गाडी सुटायच्या बेतात, तर अक्का धापा टाकत फलाटावर. हातात वाटीचं झाकण.

"धड चोरी येईना, आणि निघाले मुंबईला!"

बायको हसता हसता रडायला लागली. मी वाटीवर झाकण दाबलं आणि मनमाडपर्यंत ती मांडीवरून खाली ठेवली नाही. पोट एका शब्दानं बोललं नाही.