बिननावाचा बोर्ड

पुन्हाताईंना घाबरट म्हणणं सोपं आहे, पण आपल्या रक्ताची नळी त्यांच्या हातात असली की असाच घाबरट माणूस बरा वाटतो. लॅबमध्ये बावीस वर्षं झाली. आकडा जरा वेगळा दिसला की त्यांचं एकच वाक्य, "पुन्हा लावू." त्यावरून हे नाव पडलं, खरं नाव आता पगारपत्रकातच उरलंय. घरातून निघतानाही गॅस बंद केलाय ना, हे बघायला त्या अर्ध्या जिन्यातून परत जातात. नवरा खालून ओरडतो, "अगं, मी बघितलंय!" नवऱ्यावर त्यांचा विश्वास आहे, फक्त गॅसच्या बाबतीत नाही.

तर रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राचा जुना कॉम्प्युटर तीन महिने कुरकुरून अखेर बंद पडला, तेव्हा त्यांचं धाबंच दणाणलं. सगळा हिशेब करून आकडे तोच दाखवायचा. त्यातला मदरबोर्ड कंपनीने बनवणं कधीच सोडून दिलं होतं. दुरुस्तीवाल्याने पिशवीतून एक हिरवा बोर्ड काढला. खोका नाही, नाव नाही, कुठे बनला याचा पत्ता नाही.

"याचे आईबाप कोण?" पुन्हाताईंनी विचारलं.

"ताई, अगदी ओरिजिनलसारखा आहे."

"सारखा म्हणजे नाहीच ना!"

लॅबच्या डॉक्टरांनी सरळ हात झटकले. "यंत्र तुम्ही चालवता. तुम्ही हो म्हणालात तरच ठेवू."

झालं, घोडं पुन्हाताईंपाशीच अडलं. या बेवारस तुकड्याने एखादं शून्य गिळलं तर आजारी माणूस हसत घरी जाणार. एखादं वाढवलं तर धडधाकट माणूस औषधं घेत बसणार. फार पूर्वी एका चुकीच्या आकड्यापायी एका आजोबांना विनाकारण रक्त चढवलं होतं. चूक दुसऱ्याची होती, तरी ते आजोबा आठवले की ताईंना अजून घास गिळवत नाही.

यंत्र तपासायला कंपनीचा, आकडे आधीच ठरलेला खास द्रव मिळतो. ताईंचा भरवसा मात्र स्वतःच्या रक्तावर. दर सोमवारी त्या स्वतःचं रक्त यंत्राला लावत. पांढऱ्या पेशी सात हजारांच्या आसपास, वर्षानुवर्षं तेच. कॉम्प्युटर कुरकुरायला लागल्यापासून, त्याला उगाच ताण नको म्हणून, त्यांनी ते थांबवलं होतं.

बोर्ड बसला. ताईंनी रक्त काढलं, नळी लावली. पडद्यावर आकडा आला, एकेचाळीस हजार दोनशे.

"बघा!" त्या जवळजवळ आनंदाने ओरडल्या. "काढा तो बोर्ड!"

दुरुस्तीवाल्याचा चेहरा पडला. त्याने तसलाच दुसरा बोर्ड बसवला. पुन्हा एकेचाळीस हजार.

"दोन्ही बोर्ड एकाच वेळी खराब कसे असतील, ताई?"

यंत्र बंद होतं म्हणून आदल्या दिवशीचे नमुने दुसऱ्या लॅबमध्ये तपासून आणले होते. त्यातल्या पाच नळ्या फ्रिजमध्ये होत्या. ताईंनी त्या लावल्या. पाचही आकडे जुळले. कंपनीचा द्रव लावला, तोही जुळला.

इतक्या वेळा खरं बोलणारं यंत्र नेमकं आपल्याबद्दलच खोटं का बोलेल? दोन महिने चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती. ब्लाउज सैल झाले होते. नवरा सारखा विचारत होता, आणि त्या "काही नाही हो" म्हणून त्याला वाटेला लावत होत्या. बोर्ड खोटा निघावा, अशी त्यांनी मनातल्या मनात हात जोडून विनवणी केली.

मग काचपट्टीवर स्वतःच्या रक्ताचा थेंब पसरला, वाळवला, रंग दिला आणि ती मायक्रोस्कोपखाली धरली. एरवी एका नजरेत पाच-सहा दिसायच्या त्या, रंगाने जांभळ्या झालेल्या पांढऱ्या पेशी आज एकमेकींना खेटून बसल्या होत्या. त्यांत कोवळ्या, अर्धवट वाढलेल्याही होत्या. मोजायची गरजच नव्हती. काचपट्टी दुसऱ्या कुणाची असती, तर ताईंनी लगेच डॉक्टरांना कळवलं असतं, रक्ताचा कॅन्सर असावा म्हणून.

दुरुस्तीवाला दारात ताटकळत उभा होता. "काढू का हा बोर्ड, ताई?"

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे. चांगला आहे."

त्याचा जीव भांड्यात पडला. "मी सांगत नव्हतो?" तो हसत म्हणाला आणि खुशीत स्क्रू आवळू लागला.