एलियाम्मा टीचरांचा पदर

१२ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ऊन. बँकेतला मुलगा 'ओफीस' म्हणाला, दोनदा. मासळीवाल्याचं 'झीरो'ला 'सीरो' तसंच. संध्याकाळी जिन्सी आली; चार वाक्यं बोलली. परीक्षा शनिवारी.

रोज रात्री वहीत अशी नोंद करणाऱ्या एलियाम्मा टीचरांनी केरळात, कोट्टयममध्ये छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. नवरा देवाघरी गेला, मुलं परदेशी गेली, पण टीचरांचे कान अजून वर्गातच बसलेले. शेजारची जिन्सी नर्स होती. आयर्लंडची नोकरी ठरली होती, पण तोंडी इंग्रजीत ती दोनदा नापास झाली. ही तिसरी खेप हुकली की नोकरी दुसरीला जाणार.

"टीचर, काल वॉर्डात एक म्हातारे एक्स्पायर झाले..."

"औषध एक्स्पायर होतं. माणूस मरतो. पुढे."

जिन्सीने नुसती मान हलवली.

"अगं, परीक्षेत नुसती मुंडी हलवणार आहेस?"

"टीचर, तुमच्यापुढे बोलायचं म्हणजे शेळीनं वाघासमोर चरायचं."

बुधवारी जिन्सीच्या आईने टीचरांना संध्याकाळच्या प्रार्थनेला बोलावलं. बायका डोक्यावर पदर घेऊन चटईवर बसल्या. वाचन जिन्सीकडे होतं. वाचताना तिने अख्खी एक ओळ गाळली. टीचरांचे ओठ उघडले, तशी आईने हळूच त्यांचा गुडघा दाबला. बायबल वाचणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही. त्या घरात आजोबासुद्धा टोकत नसत. जिन्सी शेवटपर्यंत वाचत गेली. खणखणीत आवाज, कुठे अडखळणं नाही. तीन महिने शिकवून टीचरांनी हा आवाज ऐकलाच नव्हता. त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं नाही.

गुरुवारी जिन्सी आली, तर टीचर डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या.

"हे काय? आत्ता प्रार्थना?"

"वाचन आहे, तुझं. पदर खाली येईपर्यंत मी मुकी. इंग्रजीत बोल."

जिन्सी फिसकन हसली. मग त्या म्हाताऱ्यांचं सांगू लागली: रोज तिच्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत, औषध मात्र थुंकून टाकत. म्हातारे तीनदा 'एक्स्पायर' झाले. टीचरांनी पदराचं टोक दाताखाली धरलं. पोरगी अकरा मिनिटं बोलली, शेवटी डोळे पुसले.

"टीचर, झोपलात की काय?"

"झोपले असते तर बरं झालं असतं!" टीचरांनी पदर खाली घेतला. मनात सतरा चुका होत्या. सांगितल्या दोनच.

शनिवारी जिन्सी कोचीहून परतली ती थेट टीचरांच्या ओसरीवर.

"परीक्षक बाईंनी एक प्रश्न विचारला आणि मी सुटले! त्यांनाच हात वर करून मला थांबवावं लागलं."

"चुका केल्यास?"

"पुष्कळ."

"चालतील," टीचर म्हणाल्या. आयुष्यात हा शब्द त्यांनी कुणा विद्यार्थ्यासाठी वापरला नव्हता.

रात्री त्यांनी वही उघडली. परीक्षा झाली, निकाल यायचा आहे, एवढं लिहून, कुणाचाही उच्चार न टिपता, खाली नोंदलं: नारळ उतरवणारा येऊन गेला. विहिरीकडचं झाड राहिलं.