रुतलेली तार

अंगणातल्या मोठ्या कुंडीत मी फायकसचं एक शोभेचं झाड वाढवलं होतं. कोवळ्या फांद्यांना तांब्याची तार गुंडाळायची आणि त्या हव्या तशा पिळून ठेवायच्या. चार वर्षांत त्यांची छान वेटोळी झाली. येणारेजाणारे थांबून कौतुक करत आणि मी सुखावत असे.

दिवाळीला माझी मुलगी मीरा माहेरी आली. कुंडीशी बसून तिने एका फांदीवरून बोट फिरवलं.

"बाबा, तार आत रुतलीय. बघा ना."

मी वाकून पाहिलं. तारेच्या दोन्ही बाजूंनी साल गळवासारखी फुगली होती. फटीतून पांढरा चीक ओघळला होता आणि त्यात मुंग्या चिकटून मेल्या होत्या. याच फांदीचे फोटो मी लोकांना पाठवले होते.

मीरा जन्माची डावखुरी. तिने उजव्या हाताने लिहावं म्हणून तिचा डावा हात मी रुमालाने खुर्चीला बांधत असे. पुढे तिचं वळणदार अक्षर पाहुण्यांना दाखवताना मी असाच सुखावत होतो. हे आठवलं आणि मला माझ्याच बोटांची किळस आली.

पक्कड आणून मी तार उपसायला लागलो.

"ओढू नका, साल सोलली जाईल," मीरा म्हणाली. "सुटेल तेवढीच काढा."

जिथे साल तारेवर मिटली होती तिथले तुकडे आतच राहिले. बाकीची तार निघाली, पण एकही फांदी सरळ झाली नाही.