तीन फेऱ्यांत निवडलेलं कॉलेज

डॉक्टर बाई जाताना कागदावर चार संस्थांची नावं लिहून देऊन गेल्या. चारही ठिकाणी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची. म्हणाल्या, "निवडायची तू. मी सांगितलं म्हणून गेलीस तर पुढे प्रत्येक गोष्टीला मला फोन करशील." खरं होतं ते. मी भाजीत मीठ किती घालायचं तेही विचारून घालणारी.

बाईंचा पाहणी प्रकल्प सोनाळ्यात संपत आला होता. संग्रामपूर तालुक्यातल्या या गावांमध्ये पाणी खारं. ते पिणाऱ्या घरांत कुणाला काय दुखणं आहे, हे आम्ही दारोदार जाऊन लिहीत होतो. बाकीच्या मुली आपापल्या गावी परतल्या. उरलेली घरं पुरी करायला मी एकटी मागे राहिले. माझं घर वेंगुर्ल्याकडे, गाड्या बदलत दीड दिवसाची वाट. तिथल्या बाईंच्या आधीच्या प्रकल्पात मी वाट दाखवायला म्हणून लागले होते, आणि त्यांच्यामागून इकडे आले.

शाळा मी नववीत सोडली आणि काजूच्या कारखान्यात बसले. पुढे बाईंनी मागे लागून मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा द्यायला लावली, त्यावर बी. ए. झाले. म्हणजे माझ्याकडे दहावी नाही, बारावी नाही, आणि पदवी आहे. सोनाळ्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं. इथे मला सगळे मॅडम म्हणत, आणि मी म्हणू देत होते.

चारही संस्थांनी लिहिलं होतं, कोणत्याही शाखेचा पदवीधर चालेल. खाली कागदपत्रांच्या यादीत मात्र बारावीची गुणपत्रिका होती. माझ्यासारखीने काय करायचं ते कुठेच नव्हतं. यादीतली पहिली संस्था बाईंची स्वतःची, नाव घेतलं की लोक मान डोलावतात अशी. मी तिथेच जावं असं त्यांच्या मनात आहे, हे न बोलता कळत होतं.

आईला फोन केला.

"डॉक्टर होतलंस काय गो?"

"नाय गे आये."

"मगे नर्स?"

"तांय नाय."

"मगे शिकान करतलंस काय?"

सांगायला गेले, पण मलाच नीट सांगता येईना. मागे कुणीतरी तिला हाक मारली. "जेव वेळेर," म्हणाली आणि फोन ठेवला. मला तिच्याशी अजून थोडं बोलायचं होतं. काय, ते मात्र ठाऊक नव्हतं.

विचारायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मला जे काम येत होतं तेच केलं. पाहणीत एखाद्या घराला कुलूप दिसलं तर लगेच 'बंद' लिहायचं नाही असा आमचा नियम आहे. तीन फेऱ्या मारायच्या. एक सकाळी, एक दुपारी, एक दिवेलागणीला. माणसं शेतात असतात, लग्नाला असतात, कधी दार लावून आत झोपलेली असतात. पुष्कळ मुली एका फेरीत लिहून मोकळ्या होत. मी कधी तसं केलं नाही. तेव्हा ठरवलं, प्रत्येक संस्थेला तीन फोन, वेगवेगळ्या वेळी. तिन्ही वेळा दार उघडलं नाही तर बंद.

मी भाड्याने राहत होते त्या घरात नेटवर्क फक्त गच्चीवर. पाण्याच्या टाकीला टेकून मी वहीत चार रांगा आखल्या. एका ठिकाणी तिन्ही वेळा घंटी वाजत राहिली. दुसऱ्या ठिकाणी गृहस्थ चांगल्या शब्दांत म्हणाले, "बारावी नियमितच लागते, ताई." बाईंच्या संस्थेत तिसऱ्या फोनला उत्तर मिळालं. अर्ज भरा, फी परत मिळत नाही, पात्रतेचं समिती नंतर पाहील. नंतर म्हणजे कधी विचारेपर्यंत फोन बंद. तोवर बाकीच्या ठिकाणच्या मुदती संपल्या असत्या आणि माझं अख्खं वर्ष गेलं असतं.

चौथी संस्था दक्षिणेतल्या एका शहरात. तिथल्या दुकानांच्या पाट्याही मला वाचता यायच्या नाहीत. तिसरा फोन भर दुपारी लावला. एका बाईने उचलला, तोंडात घास असावा. मोडक्या हिंदीत म्हणाली, "बोलो."

मी बोलले. नववी, काजू, पूर्वतयारी, बी. ए., सगळं एका दमात, नेहमीपेक्षा मोठ्याने.

"रुको. फोन मत रखना. मैं पूछ के आती."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पंखा. मग कितीतरी वेळ काहीच नाही. कान तापला तरी मी फोन दुसऱ्या कानाला लावला नाही. ती परत आली. "चलेगा. पहले भी एक आई थी ऐसी. लेकिन चिट्ठी लिखना. स्कूल कब छोड़ा, क्यों छोड़ा, सब सच."

फोन ठेवून मागे वळले तर घरमालकीण खाला वाळवणाची चादर हातात धरून उभ्या.

"काऊन वं, तू नववी नापास?"

"नापास नाही खाला. सोडली."

"मंग मी त आठवी पास! एकाच सालाचा फरक, आन् मीच तुले मॅडम म्हनून राह्यली!" त्यांनी कठड्यावरून खाली हाक मारली, "अजी, आयकलं का? आपली मॅडम नववी हाय!"

खाली अंगणात त्यांचे यजमान गादी भरत होते. वर न पाहताच म्हणाले, "मंग काय झालं? मी शाळेची पायरीबी नाही चढलो. गादी बराबर नाही भरत का?"

मी हसले. पण दोन दिवसांत ते आळीभर झालं. एका घरात सासूबाई माझ्या हातातल्या फॉर्मकडे बघत म्हणाल्या, "तुमी त आमच्या सुनेपेक्षाबी कमी शिकेल. मंग आमाले काय इचारता?" सून ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिने मान खाली घातली. मी पुढचा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं. सगळ्यांची दिली.

चिठ्ठी मात्र त्याच दुपारी लिहिली, आता लपवायला काही उरलं नव्हतं. काजूच्या चिकाने आईचे हात भाजले, तिच्या जागेवर मी बसले, हात बरे झाल्यावर ती शेजारच्या जागेवर आली आणि मी उठलेच नाही. एवढंच. वाटलं होतं, पानभर होईल.

बाईंना फोन करून कळवलं. "त्या कॉलेजला ओळखतं तरी कोण?"

"मला नाही माहीत. तिथून हो आलं."

"आमच्याकडूनही आलं असतं."

"आलं असतं, बाई. पण नसतं आलं तर?"

त्या रागावल्या असं वाटून मी माफी मागायला लागले, तेवढ्यात म्हणाल्या, "पुरे. शिफारस कुठल्या पत्त्यावर पाठवायची ते सांग." आज मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे, आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनाविरुद्ध वागले होते. ते पत्र त्यांनी चांगलंच लिहिलं असणार. मला कधी दाखवलं नाही.

प्रवेश मिळाला. खालांनी शिरा केला. आईने विचारलं, "आणखी लांब?" मी हो म्हटलं.

मग वसतिगृहाचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता, स्थानिक पालक. त्या शहरात राहणारं, अडीअडचणीला धावून येईल असं माणूस, त्याचं नाव आणि फोन. मी ओळखीतल्या एकेका माणसाची मनात उजळणी केली. फार वेळ लागला नाही. शेवटी घाबरत पुन्हा त्याच बाईला फोन केला.

"कोई नहीं है वहाँ मेरा," म्हटलं.

"बहुत लड़की लोग खाली छोड़ती," ती म्हणाली. "आओ, बाद में भरना."

रकाना तसाच ठेवून मी अर्ज पाठवला.